मधला मुलूख : चांदा-सिरोंच्याच्या जंगलातून वाट शोधणाऱ्यांचा इतिहास

१/
शोधयात्रा म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम समुद्र येतो. १४९२ मध्ये पश्चिमेकडे निघालेला कोलंबस, १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागलेला वास्को द गामा, पृथ्वीप्रदक्षिणेचे धाडस करणारा मॅगेलन. मात्र भारताच्या अंतर्भागातही असा एक प्रदेश होता, ज्याच्या आरपार जाणारी वाट शोधण्यात इंग्रज अधिकाऱ्यांची पाऊणशे वर्षे खर्ची पडली. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्या प्रदेशाच्या मध्यभागी येतात.

२/
या प्रवासांना जोडणारे एक विलक्षण सूत्र आहे. येथे आलेल्या बहुतेकांना येथे यायचेच नव्हते. कोणाला गंगेकाठाहून गोदावरीच्या मुखाकडे जायचे होते, कोणाला वऱ्हाडचा कापूस समुद्राला लावायचा होता, कोणाला तारेवरून संदेश पाठवायचे होते. हे जंगल सगळ्यांच्याच वाटेत 'मध्ये' येत होते. त्याला ठिकाण न मानता अडथळा मानणाऱ्यांचे पुढे काय झाले, याचा हा इतिहास.

३/
आधी भूगोल. उत्तरेकडून वैनगंगा येते, वायव्येकडून वर्धा. चपराळ्याजवळ दोघींचा संगम होतो आणि पुढे त्या प्राणहिता या नावाने वाहतात. सुमारे ११३ किलोमीटरचा प्रवास करून प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. आणखी थोडे खाली, सोमनूरजवळ, बस्तरमधून आलेली इंद्रावती गोदावरीत येते. म्हणजे महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणा यांच्या सीमा आज जेथे भिडतात, तेथेच मोठ्या नद्याही एकत्र येतात.

४/
या भागाशी नाव जोडला गेलेला सर्वांत जुना विख्यात प्रवासी म्हणजे चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कलिंगातून कोसल देशात आला आणि तेथून दक्षिणेस आंध्र देशाकडे गेला. हा कोसल म्हणजे अयोध्येचा नव्हे, दक्षिण कोसल. त्याने राजधानीचे वर्णन केले. पण त्या राजधानीची जागा नेमकी कोणती, हा प्रश्न पुढच्या काळातील अभ्यासकांसाठी शिल्लक राहिला.

५/
१८७१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅमने प्राचीन भारताच्या भूगोलावरील ग्रंथात चांद्याच्या बाजूने कौल दिला. दोनच वर्षांनी जेम्स फर्ग्युसनने वैरागडचे नाव पुढे केले. आज बहुतेक अभ्यासकांचा कल छत्तीसगडमधील सिरपूरकडे आहे. मात्र कोसलातून आंध्राकडे जाण्याची दिशा पाहिली, तर हा भिक्षू या जंगलाच्या जवळपासूनच दक्षिणेला उतरला असावा. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला हा दुवा किती जुना आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते.

६/
हा प्रदेश निर्मनुष्य किंवा निर्नायक कधीच नव्हता. बल्लारपूर आणि चांदा येथून गोंड राजांनी येथे शतकानुशतके राज्य केले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांचा चांद्याचा परकोट त्याच राजवटीची खूण आहे. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी नीळकंठशहाकडून चांदा घेतले. तरी दक्षिणेकडच्या दाट जंगलात अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचाच शब्द चालत राहिला.

७/
आता कंपनी सरकारची अडचण पाहू. १७६५-६६ मध्ये उत्तर सरकार हा आंध्र किनाऱ्यावरचा सुपीक पट्टा इंग्रजांच्या हाती आला. बंगाल आधीच त्यांच्याकडे होता. पण या दोहोंच्या मध्ये ओरिसा होता आणि ओरिसावर भोसल्यांचा अंमल होता. किनाऱ्याची वाट मराठ्यांच्या मर्जीवर अवलंबून होती. अंतर्भागातून दुसरी वाट आहे का, हा प्रश्न त्यामुळे लष्करी महत्त्वाचा ठरला.

८/
उत्तर देण्यास नकाशा असमर्थ होता. जेम्स रेनेलने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हिंदुस्थानचा नकाशा सिद्ध केला. तो त्या काळातील सर्वोत्तम नकाशा समजला जाई. गंगेचे खोरे त्यात गावागावांनी भरलेले आहे. पण वऱ्हाड, ओरिसा आणि गोदावरी यांच्यामधल्या विस्तीर्ण भागात कागद जवळपास कोरा दिसतो. कोरा कागद म्हणजे कोरा मुलूख, असा समज करून घेणे सोपे होते.

९/
ती जागा भरण्याची कामगिरी बंगाल इंजिनिअर्सच्या जेम्स ब्लंट या अधिकाऱ्यावर आली. हा गृहस्थ नुसता शिपाईगडी नव्हता. दिल्लीच्या कुतुबमिनारचे त्याने लिहिलेले वर्णन 'एशियाटिक रिसर्चेस' या नामांकित नियतकालिकात छापून आले होते. अक्षांश मोजणे, अंतरे टिपणे, लोकांना विचारून पुढच्या मुक्कामाची माहिती काढणे ही त्याची कामे होती. तलवारीइतकीच महत्त्वाची होती त्याची वही.

१०/
१७९५ च्या जानेवारीअखेर ब्लंट गंगेकाठच्या चुनारगडावरून शिपायांच्या तुकडीसह निघाला. शोण नदी ओलांडून, डोंगराळ संस्थानांतून वाट काढत तो भोसल्यांच्या अमलाखालील छत्तीसगडात, रतनपूर आणि रायपूरला पोहोचला. तेथून दक्षिणेस कांकेर. त्याच्या मनातली रेघ सरळ होती : कांकेरवरून बस्तर, बस्तरमधून गोदावरी आणि मग उत्तर सरकार.

११/
पण बस्तरची वाट सरळ नव्हती. कंपनीच्या सशस्त्र तुकडीला तेथे प्रवेश मिळण्याची चिन्हे दिसेनात. ब्लंटला पश्चिमेकडे वळावे लागले आणि तो वैरागडला आला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा आडवळणाचे खेडे नव्हते. येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'तही सापडते.

१२/
वैरागडचे त्या काळातले महत्त्व हिऱ्यांपेक्षा मिठामुळे होते. किनाऱ्यावरचे मीठ, सुपारी आणि नारळ येथे येत. वऱ्हाडकडचा कापूस आणि छत्तीसगडचे धान्य बाहेर जाई. हा सारा माल बैलांच्या पाठीवरून बंजारे वाहून नेत. म्हणजे ज्या वाटेच्या शोधात ब्लंट निघाला होता, त्या वाटेवरून शेकडो बैलांचे तांडे कित्येक पिढ्या ये-जा करीत होते. त्या वाटेला नाव, मुक्काम आणि पाणवठे सगळे होते. फक्त ती कागदावर नव्हती.

१३/
बंजाऱ्यांचे भूगोलज्ञान कसे होते, याची कल्पना करून पाहावी. एका तांड्यात शेकडो बैल असत. त्यांना रोज चारा आणि पाणी मिळणे ही पहिली गरज. कोणत्या महिन्यात कोणता नाला आटतो, कोणत्या खोऱ्यात गवत उरते, कोणत्या जमीनदाराला किती जकात द्यावी लागते, हे नायकाला तोंडपाठ असावे लागे. एक हिशेब चुकला तर बैल मरत. अक्षांश-रेखांशांच्या वहीत ही माहिती मावणारी नव्हती.

१४/
मोठ्या शोधयात्रांचीही हीच गोष्ट आहे. वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरापर्यंत पोहोचला. पण तेथून अरबी समुद्र पार करण्यासाठी त्याला स्थानिक जाणकार वाटाड्या घ्यावा लागला. त्या वाटाड्याला मोसमी वारे ठाऊक होते. गामाचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याला भारताच्या किनाऱ्यावर आणणारा तो माणूस नेमका कोण, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. प्राणहितेच्या काठचे वाटाडेही असेच इतिहासाच्या समासात राहिले.

१५/
वैरागडहून ब्लंट पुन्हा दक्षिणेकडे, गोदावरीच्या दिशेने सरकला. इंद्रावतीपलीकडे भोपालपटनमचा मुलूख लागतो. तेथे सशस्त्र गोंडांनी कंपनीच्या तुकडीची वाट अडवली आणि चकमक झडली. ब्लंटला बस्तरमध्ये शिरता आले नाही. बस्तरच्या इतिहासात १७९५ चा हा भोपालपटनम संघर्ष इंग्रजांविरुद्धचा पहिला प्रतिकार म्हणून नोंदला जातो.

१६/
येथे एक प्रश्न विचारायला हवा. मिठाच्या तांड्यांना वाट देणाऱ्या लोकांनी ब्लंटची वाट का अडवली? बंजारा मीठ आणतो, जकात देतो आणि निघून जातो. गणवेशातील शिपाई, बंदुका आणि सारखे प्रश्न विचारून लिहून घेणारा साहेब हे निराळेच प्रकरण होते. मोजणी आधी येते आणि ठाणे मागून येते, हे जाणण्यासाठी नकाशा वाचता येण्याची गरज नसते. पुढच्या साठ वर्षांनी ती शंका रास्त ठरवली.

१७/
अखेर ब्लंट गोदावरी ओलांडून निजामाच्या हद्दीतील जंगलातून उत्तर सरकारातील यर्नगुडेमला पोहोचला. त्याचा वृत्तान्त १८०१ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध झाला आणि नागपूरच्या सरकारी छापखान्याने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुन्या युरोपीय प्रवाशांच्या संग्रहातही तो समाविष्ट आहे. वाट आहे, पण फौज नेण्याजोगी नाही, असाच या प्रवासाचा धडा होता. तरी कोऱ्या कागदावर पहिली रेघ उमटली.

१८/
त्या रेघेमागून सत्ता आली. मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने चांद्याचा परकोट फोडून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले औरस पुत्राविना निवर्तले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. वैरागड, चांदा, अहेरी हे सारे आता कंपनीच्या कागदावर आले. आता शोध सुरू झाला निराळ्या वाटांचा : तारेची वाट आणि पाण्याची वाट.

१९/
तार आधी. १८५७ च्या उठावात विजेच्या तारेने इंग्रजांना वेळेवर बातम्या पोहोचवल्या. त्यामुळे तारायंत्राचे काम आता युद्धकार्याइतकेच निकडीचे झाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चुंचगुंडी येथे या कामावरील माणसांचा तळ पडला होता. गोंड आणि रोहिल्यांच्या जमावाने त्यावर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला.

२०/
या उठावाचे नेते होते मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव. १२ मार्च १८३३ रोजी जन्मलेले बाबुराव तेव्हा अवघे २५ वर्षांचे होते. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला आणि बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी देण्यात आले. बस्तरकडे गेलेले व्यंकटराव १८६० मध्ये ताब्यात आले आणि त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली.

२१/
दुसरी वाट पाण्याची. तिचा स्वप्नद्रष्टा होता आर्थर कॉटन. धवलेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर बंधारा बांधून त्याने डेल्टा हिरवा केला. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, अशी त्याची ठाम धारणा होती. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या सलग मार्गाने नावा वर नेता आल्या, तर चांदा आणि हिंगणघाटचा कापूस थेट बंगालच्या उपसागराला पोहोचेल, असे त्याचे गणित होते.

२२/
ते गणित नदीवर तपासण्याचे काम मद्रास इंजिनिअर्सच्या फेलिक्स हेग याने केले. १८५६ मध्ये त्याने गोदावरीच्या नौकानयनक्षमतेवर अहवाल सादर केला. ही खऱ्या अर्थाने शोधयात्रा होती. पात्राची खोली, खडकांची रांग, पुराची पातळी आणि उन्हाळ्यातले उरलेसुरले पाणी या सर्वांची मोजदाद करत शेकडो मैल जायचे होते. नदीकाठी दाट जंगल होते आणि जंगलात हिवताप होता.

२३/
हेगच्या अहवालाने नदीचे तीन जागी तुकडे पडलेले दाखवले. पहिला तुटलेला भाग भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम येथे. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीजवळ. तिसरा प्राणहितेत, अहेरी भागातील देवलमरीजवळ. या ठिकाणी पात्र खडकांनी भरलेले असून प्रवाह उसळत जातो. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना एकच नाव मिळाले : पहिला, दुसरा आणि तिसरा 'अडसर'. जे नदीचे रूप होते, ते योजनेच्या दृष्टीने विघ्न ठरले.

२४/
उपाय आखला गेला तो असा. प्रत्येक अडसराच्या वर बंधारा घालायचा आणि काठाने कालवा काढून, पाणी चढवण्या-उतरवण्याच्या दरवाजांनी नावा खडकांना वळसा घालून न्यायच्या. राजकीय अडचणही दूर करण्यात आली. डिसेंबर १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी आणि प्राणहितेच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरची वाहतूक जकातमुक्त झाली. सिरोंचा हे नव्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे बनले.

२५/
त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला तोफा धडाडल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. तेथील व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. हिंगणघाटचा कापूस उत्तम, पण तो बैलांवरून मिर्झापूरला किंवा मुंबईला नेण्यात महिने जात. गोदावरीचा जलमार्ग हवा, असा आग्रह मँचेस्टरहून धरला जाऊ लागला. १८६३ मध्ये मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यानेही या नदीवर अहवाल लिहिला.

२६/
प्रत्यक्ष काम मात्र नकाशाइतके वेगाने सरकेना. दुम्मगुडेमला बंधारा, कालवा आणि दरवाजे उभे राहिले. वरच्या अडसरांपाशी मजूर आणणे, त्यांना धान्य पुरवणे आणि तापापासून वाचवणे हेच मोठे काम होऊन बसले. ज्या मुलखाला केवळ ओलांडायचे होते, त्या मुलखातच वर्षानुवर्षे मुक्काम करण्याची वेळ आली. आणि तो मुक्काम कसा करावा, याचे ज्ञान अभियंत्यांच्या पुस्तकांत नव्हते.

२७/
दरम्यान आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतले युद्ध तर १८६५ मध्येच संपले होते. कापसाला दुसरी, वर्षभर चालणारी वाट मिळाली. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीच्या जलमार्गाचे काम थांबवले. १८७४ मध्ये सिरोंच्याचा भाग चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. दुम्मगुडेमचा बंधारा आजही उभा आहे. त्यावरून चांद्याचा कापूस समुद्राला गेलाच नाही.

२८/
हेगच्या आयुष्यातला पुढचा भागही लक्षणीय आहे. दुम्मगुडेमच्या वास्तव्यात त्याने कोया लोकांमधील ख्रिस्ती मिशनच्या कामाला चालना दिली. निवृत्तीनंतर तो तांबड्या समुद्राकडे गेला आणि येमेनमधील त्याच्या प्रवासाचा वृत्तान्त १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने छापला. भूगोलाच्या जगात अरबस्तानचा प्रवासी म्हणून त्याची नोंद झाली. प्राणहिता मात्र त्याच्या चरित्रात एक अपुरा राहिलेला अध्याय आहे.

२९/
नदी खरोखरच वाट नव्हती का? होती, पण ठरावीक ऋतूत आणि ठरावीक दिशेने. या जंगलातले सागवान पुराच्या पाण्यावर तराफे करून खाली किनाऱ्याकडे सोडले जाई. तराफ्याला वर परत यायचे नसते, खडक पुराच्या पाण्याखाली बुडालेले असतात आणि उन्हाळ्यात कोणी नदीकडून वाहतुकीची अपेक्षा करीत नाही. नदी देईल तेवढेच घेणारी ही पद्धत टिकली. तिने बाराही महिने वाहावे अशी अपेक्षा करणारी योजना बुडाली.

३०/
आता या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित वळण. सिरोंच्याच्या उत्तरेस प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे कोळशाचा शोध चालला होता. जमिनीत छिद्रे घेऊन थर तपासले गेले. हवा तसा कोळसा हाती लागला नाही. मात्र चुनखडीच्या पातळ थरांत माशांचे सुरेख जीवाश्म सापडले. १८५१ मध्ये त्यांतील एकाचे वर्णन 'लेपिडोटस डेक्कनेन्सिस' या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

३१/
इंधन शोधणाऱ्यांच्या हाती जुरासिक काळ लागला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंगने १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. कोटा हे चिमुकले गाव त्यानंतर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत झाले, कारण तेथील खडकांच्या थरांना त्याच गावाचे नाव मिळाले. नकाशावर ज्या जागी एकेकाळी काहीच नव्हते, तेथले एक खेडे आता काळाच्या मोजपट्टीवरची खूण बनले.

३२/
कथा तेथे थांबली नाही. १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या. त्यांनी तरुण भारतीय संशोधकांना घेऊन याच खोऱ्यात शोध सुरू केला. १९६० च्या सुमारास कोटा थरांत, पोचमपल्लीजवळ, प्रचंड हाडांचा साठा उघडा पडला. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे तेथून निघाली.

३३/
तो प्राणी होता लांब मानेचा, शाकाहारी डायनासोर. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले : 'बारापासॉरस टागोरी'. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. उरलेला भाग रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ, कारण उत्खनन सुरू असताना १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष चालू होते. त्याचा उभारलेला सांगाडा कलकत्त्याच्या संस्थेत आहे. जगातील प्राचीन सॉरोपॉडांमध्ये त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

३४/
ब्लंटला हवी असलेली उत्तर-दक्षिण वाट शेवटी झाली. काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या चांद्यावरून धावू लागल्या. या मार्गाने जंगलाचा पश्चिमेकडचा काठ धरला. अहेरी, भामरागड आणि सिरोंचा बाजूलाच राहिले. इंचमपल्लीच्या 'दुसऱ्या अडसरा'वर धरण बांधण्याचा विचारही विसाव्या शतकात पुन्हा आला, गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात त्याचा उल्लेख आहे. ते धरण अद्याप झालेले नाही.

३५/
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैरागड, चपराळा, देवलमरी, कोटा आणि सिरोंचा ही या कथेतील ठिकाणे आज त्या जिल्ह्यात आहेत. ती एका रेषेत ठेवून पाहिली, तर आरपार जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला येथे थांबावे लागले, असे दिसते. ब्लंटला गोंडांनी थांबवले, तारवाल्यांना बाबुरावांच्या उठावाने, हेगला खडकांनी.

३६/
आणि या भूमीने सर्वांत मोठा शोध दिला तो थांबून, गुडघे टेकून, तिच्या काठचे थर एकेक करून उलगडणाऱ्यांना. शोधकांचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन प्रश्न जवळ ठेवावेत : हा प्रवासी या प्रदेशात येत होता की त्यातून जात होता? आणि त्याला वाट दाखवणारा कोण होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या अहवालात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्याचे काम अजून शिल्लक आहे आणि ते वैरागडच्या बाजारात, बंजारा तांड्यांच्या स्मृतींत आणि प्राणहितेच्या काठच्या गावांतच करावे लागेल.